मे महिन्यातलं पाणी

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. सत्तरच्या दशकात मी नागपुरातलं घर विकायला काढलं, तेव्हा नैरोबीहून एक माणूस ते बघायला आला. जन्म तिकडचाच, पण आईकडून शिकलेली नागपुरी बोलायचा. म्हाताऱ्या आईला तिच्या गावात घर घेऊन द्यायचं होतं.

घराचे कागद त्याने वकिलाला दाखवले होते. तो आला तेव्हा डिसेंबर होता, अंगणातली विहीर भरलेली होती. "बारा महिने असंच पाणी राहते," मी ठोकून दिलं.

तो चपला काढून स्वयंपाकघराच्या दारात उकिडवा बसला आणि माझ्या बायकोला विचारलं, "वहिनी, मे महिन्यात पाणी कुठून भरता?"

"मे मध्ये कायची विहीर, भाऊ! बेडूकबी पळून जाते. दूरच्या नळावरून पाण्याचे गुंड भरून डोक्यावर आणा लागते."

तो हसला. "माह्या मायले गुंड नाही उचलवत."

मी भडकलो. "ऐपत नाही, तर आले काहून?"

हात जोडून तो निघून गेला.

त्याची आई त्या कोरड्या विहिरीपाशी आली नाही, याचं आज फार हायसं वाटतं. त्याला मात्र सांगायचं राहूनच गेलं: भाऊ, खोटं मी बोललो होतो, माफ करा.