कॅसेट संपायची तिथे

चारकोपच्या बागेत रोज सकाळी माझ्या शेजारच्या बाकावर साठीचे एक काका येऊन बसतात. डोकं पार तुळतुळीत, तरी मधूनच डोळ्यांवर आलेले केस झटकावेत तशी मान उडवतात. हे काय असावं, मला कळत नव्हतं. काल त्यांच्या कानात पहिल्यांदाच इयरफोन दिसले आणि मला राहवलं नाही.

"काका, काय ऐकताय?"

त्यांनी फोन पुढे केला. अल्बमच्या चित्रात चार जण, ओठांना लिपस्टिक, केस एवढे फुगवलेले की दारातून आत येताना अडकतील.

"पुरुषच आहेत हो," ते म्हणाले. "कॉलेजात मित्राकडून कोऱ्या कॅसेटवर भरून घेतला होता. माझेही केस तेव्हा असेच. आज मुलीने फोनवर शोधून दिला."

एक इयरफोन त्यांनी मला दिला. गिटार नुसती किंचाळत होती. काकांची मान उडाली आणि मग एकदम बोट वर झालं.

"इथे माझी कॅसेट संपायची. शेवटचं गाणं अर्धंच मावलं होतं."

गाणं चालूच राहिलं. बोटही तसंच हवेत.

"पुढे काय आहे?"

"थांब ना यार! मीपण पहिल्यांदाच ऐकतोय."