अकरा बाटल्यांना प्लॅस्टिकची बुचं

आमच्या घरगुती वाइनच्या मंडळात चौदा माणसं, एक अध्यक्ष आणि भरपूर अदब आहे. दर जानेवारीत पालघरच्या एका बंगल्याच्या गच्चीवर जो तो आपली बाटली घेऊन येतो. अध्यक्ष निवृत्त अधिकारी. कोणत्या खात्यातले, हे विचारायचं धाडस अजून कोणी केलेलं नाही. बाटली उघडली की ते आधी बूच हुंगतात, डोळे मिटतात आणि आम्ही उगाचच श्वास रोखून धरतो.

गेल्या वर्षी माझ्या जांभळाच्या वाइनचं बूच हुंगून ते म्हणाले, "समुद्र! शेवटी हलकासा खारा स्पर्श. अस्सल कॉर्कच्या सालीच्या बुचाशिवाय हे येत नाही, मॅडम." टाळ्या पडल्या. मीही मान लववली.

घरी, दांडी गावात, उरलेली वाइन सावकाश चाखली. बोईसरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेतले नमुने तपासण्यात माझी तीस वर्षं गेली आहेत, तेव्हा शंका जरा उशिराच आली. थोरल्या जाऊबाईंना विचारलं, "वहिनी, मी उकळून दिलेली बुचं तुम्ही कुठं वाळवलीत?"

"कुठं म्हंजे? अंगणात. जवळा सुकत व्हता ना, त्याच जाळीच्या कोपऱ्यात टाकली. ऊन चांगलं हाय तिथं."

"अहो, त्याचा वास नाही का लागणार?"

"कसला वास?"

त्या खरंच विचारत होत्या. जवळा म्हणजे बारीक कोलंबी. आमच्या अंगणात ती सुकत नसेल त्या दिवशी काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. बुचांनी तो वास पोटभर पिऊन घेतला होता आणि तो माझ्याही नाकाला कळला नव्हता. अध्यक्षांचा समुद्र म्हणजे आमचा सुका जवळा. मंडळात मी हे बोलले नाही. एवढ्या थाटात बोललेल्या माणसाला खरं सांगायचं तर फार जवळची ओळख लागते.

यंदा मात्र गंमत परवडणारी नव्हती. माझ्या माहेरचं जांभळाचं झाड फळं उतरवल्यावर पंधरा दिवसांत रस्ता रुंद करण्यासाठी तोडलं. शेवटच्या फळांच्या अकरा बाटल्या होणार होत्या. जांभळाची वाइन पुढेही करता येईल, त्या झाडाची नाही. आणि नेमका बाटल्या भरायच्या आठवड्यात अध्यक्षांचा संदेश आला: यापुढे सालीचं बूच असलेल्याच बाटल्या टेबलावर घेतल्या जातील, प्लॅस्टिकचं बूच हा वाइनचा अपमान आहे.

अपमान मोजायचं साधन माझ्याकडे नाही. मला जे येतं ते केलं. पाकिटातून थेट काढलेली सालीची सहा बुचं आणि प्लॅस्टिकची सहा, एकेक बूच उकळून गार केलेल्या पाण्याच्या एकेका पेल्यात टाकलं आणि वर बशी झाकली. दोन दिवसांनी, जवळ्यापासून लांब, माडीवर बसून हुंगलं. सालीचे पाच पेले चांगले. सहाव्याला भिजलेल्या पुठ्ठ्याचा कुबट वास. प्लॅस्टिकच्या बुचांच्या पेल्यांना पाण्याखेरीज कसलाच नाही.

सालीच्या बुचाशी माझं वैर नाही. बाटली दहा वर्षं ठेवायची तर मीही उत्तम सालीचंच घेईन. प्लॅस्टिक इतका काळ हवा अडवेल याची हमी मी देणार नाही. पण दहा वर्षं थांबणार कोण? आणि अकरांतली एक जरी पुठ्ठ्याला गेली तर ती भरून काढायला झाड नव्हतं. मी अकराही बाटल्यांना प्लॅस्टिकची बुचं ठोकली.

जानेवारीत त्यांतली एक घेऊन गेले. अध्यक्षांनी चष्मा चढवून वाकून पाहिलं.

"मॅडम, संदेश वाचला नाहीत?"

"वाचला."

"वाइनला श्वास लागतो. असल्या बुचानं ती गुदमरते."

"सहा महिने बरणीत फसफसत होती. आता गप्प बसावी म्हणूनच बूच लावलंय."

कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

"परंपरा म्हणून काही असतं."

"कुणाची? त्या सालीचं एक झाड आपल्या जिल्ह्यात दाखवा, मी सगळी बुचं बदलते."

"नियम आहे. ही बाटली टेबलावर राहू शकत नाही."

"बरं."

मी बाटली उचलली, गच्चीच्या कठड्यावर ठेवली आणि तिथंच उघडली. बूच कोणालाही हुंगायला दिलं नाही. पहिला घोट मीच घेतला. तुरट, मग गोड, मग पुन्हा तुरट. माझी एक मैत्रीण सरावलीहून येते, कारखान्यात आम्ही शेजारी काम केलं. ती पेला घेऊन उठली. "ओत गं. मला नियमातलं कळत नाय." मग आणखी तिघं आले. मी एक पेला अध्यक्षांनाही पाठवला. त्यांनी तो घेतला की नाही, हे बघायला थांबले नाही.

पुढच्या वर्षी 'नियमात बसणारी' बाटली आणावी, असं मला कळवण्यात आलं आहे. मी आणणार नाही. राहिलेल्या दहा बाटल्या आम्ही घरीच उघडतोय, कोणत्याही मंगळवारी किंवा गुरुवारी, कसलंही निमित्त न शोधता. परवा माहेरहून धाकटा भाऊ आला. दोन घोट घेतले आणि म्हणाला,

"ताई, ही विहिरीकडल्या फांदीची हाय. तीच जास्त तुरट होती."

सगळी फळं एकाच बरणीत होती. मी त्याचा पेला पुन्हा भरला.