मुशीवरचं झाकण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि मंदाला तर मुळीच नाही.

आधी मंदाबद्दलच सांगते. बाकीचं नंतर — ते जितकं लांबेल तितकं मला बरं.

मंदा कुंडलची. वडलांचा ऊस, थोरला भाऊ फौजेत. सांगलीच्या कॉलेजात एम.एस्सी.ला आम्ही दोघीच मुली. मी साताऱ्याची, पण शाळा पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये झाली. मराठी बोलताना मी आधी मनात वाक्य जुळवायची आणि ते जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. वर्गातली मुलं हसायची. एकदा एकाने माझी नक्कल केली. मंदा काचेच्या नळ्या धूत होती. न वळताच म्हणाली, "तुजं इंग्लिश काढू का रं बाहेर? त्या दिवशी सरांम्होरं घाम पुसत हुतास की." त्यानंतर कुणी हसलं नाही.

खानावळीत मला जेवण जात नाही हे तिने न विचारता ओळखलं. तिच्या डब्यात शाळूची एक भाकरी जास्त यायला लागली. "खा की गं मॅडम. लाजून लाजून वाळून जाशील." गॅसचा बर्नर न भिता पेटवायला, कंडक्टरला हाक मारून एसटी थांबवायला, मोठ्याने हसायला — हे सगळं मला तिने शिकवलं. घरच्यांनीसुद्धा माझ्यासाठी इतका धीर धरला नव्हता.

पेट्रोल महागल्यापासून आमच्या सरांना एकच ध्यास होता. जड तेलातून इथिलीन आणि प्रोपिलीन हे हलके वायू जास्तीत जास्त कसे काढायचे? प्लास्टिक त्यांच्यापासून होतं. तापलेल्या नळीत झिओलाइट भरायचं, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांची पांढरी पूड, आणि तेल थेंबथेंब सोडायचं. छिद्रांत तेलाचे मोठे रेणू तुटतात. आमचं काम ती पूड सुधारण्याचं होतं. अमोनियाच्या क्षारात भिजवायची, धुवायची, भट्टीत भाजायची. भाजण्याची सरांची रीत ठरलेली होती: रुंद बशीत पातळ थर, वर झाकण नाही, म्हणजे वाफ निघून जाते.

त्या दिवशी रुंद बशी मुलांच्या टेबलावर होती. ती मागायची म्हणजे तिथवर जायचं, सगळ्यांसमोर बोलायचं. मंदा आली नव्हती. मी सगळी पूड एका उंच, अरुंद चिनीमातीच्या मुशीत दाबून भरली, वर झाकण ठेवलं आणि मूस भट्टीत सरकवली.

ही चूक झाली. पण ही कबुली त्या चुकीची नाही — चुका कुणाच्या होत नाहीत?

ती पूड विलक्षण निघाली. नळीत काम करून पूड काजळते, आणि काजळी जाळली की आमच्या आधीच्या पुडी निकामी व्हायच्या. ही टिकली. वायूही हवे तेच जास्त आले. ते ओळखायला ब्रोमिनच्या तांबूस पाण्यात सोडले की पाणी बघता बघता बिनरंगी व्हायचं. सर माझ्या टेबलाशी आले. "पातळ पसरली होतीस ना?"

"येस सर."

का म्हणाले मी असं? घाबरले म्हणून? — नाही. सर पहिल्यांदाच माझ्याकडे कौतुकाने बघत होते.

सरांनी मंदाला तीच पूड पुन्हा करायला सांगितली. तिने मला विचारून विचारून केली. पातळ थर, झाकण नाही. पूड साधी निघाली. पुन्हा केली. पुन्हा साधीच. मग सर म्हणाले, दोघींनी शेजारी शेजारी करा. कोंडलेल्या वाफेनेच पूड बदलते, हे तोवर माझ्या लक्षात आलं होतं. मंदा चहा सांगायला खाली गेली, तेवढ्यात मी माझी पूड मुशीत भरली, झाकण लावलं आणि मूस भट्टीत मागे सरकवली; भाजून झाल्यावर ती काढलीही मीच, मंदा यायच्या आधी. या वेळी रुंद बशी माझ्या हाताशीच होती.

हे ते. हे मी केलं.

"एकच पूड, एकच भट्टी," सर तिला सगळ्यांसमोर म्हणाले. "तुझ्याच हातून कशी बिघडते? धुताना घाई करतेस."

"माजाच हात जड पडत असंल, सर."

मी शेजारी उभी होते. तोंड उघडायला किती वेळ लागला असता?

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत एक जागा होती आणि सर एकच नाव कळवणार होते. माझी पूड निघेपर्यंत ते नाव मंदाचं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. गेलं माझं. तिच्या घरी ठरलेलं होतं: नोकरी मिळाली तर शिकल्याचं चीज झालं, नाहीतर लग्न.

तिला शिराळ्याला दिली. लग्नात तिने मला हाताला धरून सासूपुढे नेलं. "आत्याबाई, ही माजी मैत्रीण. आवं, लय हुशार. हिच्या हाताला यश हाय." सासूबाईंनी मला आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि आग्रह करकरून जिलेबी वाढली. मी खाल्ली.

अजूनही पुण्याला येणाऱ्या कुणाबरोबर ती शेंगा पाठवते, नवा गूळ पाठवते. मला एकटीला करमतं का, असं त्या माणसाला विचारायला सांगते. आज मी सभेत उभी राहून बोलू शकते, अनोळखी माणसाशी हसू शकते. आरशात जी बाई दिसते तिच्यातलं बरंचसं मंदाने घडवलेलं आहे. हे ऋण आठवलं नाही असा माझा दिवस जात नाही.

तिला अजून वाटतं, तिच्या हातात काहीतरी कमी आहे. तिच्या हातात काहीच कमी नव्हतं. मी सांगितलं तसंच तिने दर वेळी तंतोतंत केलं. मी सांगितलेलं खोटं होतं.