शनिवारचा ग्रुप आणि सुमाक्का

आत्ताच्या आत्ता लिहिते, नाहीतर परत गप्प बसेन — मला माहितीये मी कशी आहे. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बसलेय, लंच संपत आलाय, ताटातला भात तसाच आहे. मघाशी मावशीचा फोन येऊन गेला. फोनवर ती मला थँक्स म्हणाली. मला! म्हणून लिहितेय. हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही — आईला नाही, मैत्रिणींना नाही, आणि ज्या काउन्सेलर मॅडमना सगळं सांगायचं असतं त्यांना तर मुळीच नाही. नावं बदलली आहेत, तेवढं तरी. घाईत टाइप करतेय, चुका दिसतील, सांभाळून घ्या.

कुठून सुरू करू? माझ्यापासूनच करते, कारण सगळं माझ्यापासूनच सुरू झालं.

पहिली नोकरी लागली आणि माझी झोप गेली. दिवसभर हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, आणि मधेच टॉयलेटमध्ये जाऊन रडायचं. का रडत होते? हीच तर पंचाईत — काही कारणच नव्हतं! ब्रेकअप नाही, घरी भांडण नाही, कुणी आजारी नाही. इथे कन्नडमध्ये ‘सुम्मने’ म्हणतात ना, उगीच, तसं. डोकं दुखतं म्हणून आईने बनशंकरीतल्या आमच्या जवळच्या सरकारी क्लिनिकमध्ये नेलं. तिथल्या डॉक्टरांनी दोन मिनिटं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, शनिवारी ये, शैलजा मॅडम येतात काउन्सेलिंगला, त्यांच्याशी बोल.

शनिवारी सकाळी मॅडम लहान मुलांना बघायच्या — न बोलणारी, शाळेत मारामारी करणारी, परत अंथरूण ओलं करायला लागलेली. मग अकराच्या पुढे आम्ही बायका, त्याच खोलीत, त्याच चटईवर. मुलांची खेळभांडी तशीच पसरलेली असायची. प्लास्टिकची कढई बाजूला सारून बसायचं आणि एकेकीने बोलायचं. कन्नडमध्ये. वाटलं तर बोलायचं, नाही तर नाही, जबरदस्ती काही नव्हती. हे लक्षात ठेवा, जबरदस्ती नव्हती.

पहिल्याच शनिवारी माझ्या शेजारी रेणुकम्मा होत्या. फुलं विकतात. त्यांचा नवरा दारू पिऊन त्यांना घराबाहेर काढायचा, त्या पायऱ्यांवर बसून फुलं ओवायच्या. हे त्यांनी असं सांगितलं जसं मी आजची भाजी सांगेन. पलीकडच्या बाईचं मूल आठव्या महिन्यात पोटातच गेलेलं. तिच्या पलीकडची तर बोललीच नाही, नुसती पदराची कड चावत होती. आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी काय सांगणार होते? की मला पगार आहे, खोली आहे, आई डबा भरून देते, आणि तरी मला जगावंसं वाटत नाही? त्या बायकांसमोर? मला इतकी लाज वाटली — आणि तोंड उघडलं तर बाहेर आलं ते माझं नव्हतंच. ते सुमाक्काचं होतं.

सुमाक्का म्हणजे मावशीची मुलगी. आमचं घर दोन मजली, खाली आम्ही, वर मावशी आणि सुमाक्का. आणि किशोर — तिचा धाकटा भाऊ. होता. इथल्या आमच्या मराठी लोकांत सगळ्यांना माहीत आहे की किशोर बाइकच्या अपघातात गेला. तो अपघात नव्हता. एवढंच लिहिते, याच्यापुढचं लिहायचा मला हक्क नाही. पण अपघात नव्हता हे घरात तीन-चार माणसांनाच माहीत, आणि त्यातली एक गोष्ट फक्त सुमाक्काला माहीत होती. आणि मला.

ती चिकपेटला साड्यांच्या होलसेल दुकानात कामाला होती. दिवाळीची गर्दी, पांढऱ्या गादीवर साड्यांचा ढीग, समोर गिऱ्हाईक. किशोर गेला त्या दिवशी त्याचा फोन आला. तिने कट केला. परत आला, परत कट केला. मग फोन सायलेंटवर टाकून ढिगाखाली सरकवला. ती दुकानात असताना तो कधीच फोन करायचा नाही हे तिला माहीत होतं, तरी. मनातल्या मनात म्हणे ती त्याला म्हणाली, स्वल्प थांब रे, जरासा थांब. हे तिने मला गच्चीवर सांगितलं, आम्ही दोघी सांडगे वाळत घालत होतो तेव्हा. हात पिठाने भरलेले, डोळे पुसता येईनात, खांद्याने पुसत होती. म्हणाली, कुणाला सांगू नको, आईला तर नकोच.

आणि मी ते चटईवर बसून सांगितलं. माझा भाऊ. माझा फोन. माझं दुकान.

मला भाऊच नाही हो!

पण कसं सांगितलं माहितीये? छान सांगितलं. इतकं छान की मलाच खरं वाटलं. घरात हे सगळं मराठीत घडलेलं, मराठीत रडलेलं, आणि मी ते कन्नडमध्ये सांगत होते, तर ते आमच्या घरातलं वाटतच नव्हतं. कुणाचंही असू शकलं असतं, मग माझं का नाही? रेणुकम्मांनी माझा हात घट्ट धरला, ‘अळबेड कंदा,’ म्हणाल्या, रडू नको बाळा. न बोलणारी बाईसुद्धा माझ्याकडे सरकून बसली. त्या दिवशी घरी जाऊन मी सलग झोपले. किती दिवसांनी!

मग दर शनिवारी जायला लागले. दर वेळी थोडं थोडं जास्त सांगायला लागले. तो लहानपणी कसा होता, त्याला काय आवडायचं. काही खरं, काही मी घातलेलं. शैलजा मॅडम म्हणायच्या, तू किती धीराने बोलतेस. आणि मी खरंच बरी होत गेले. ऑफिसमध्ये रडणं थांबलं. आई सगळ्यांना सांगायची, त्या क्लिनिकने माझी पोरगी परत दिली.

इथेच थांबता आलं असतं तर? मग मी हे लिहिलं नसतं. एक खोटं बोलले, बरी झाले, विसरून गेले असते. पण वरच्या मजल्यावर सुमाक्का होती ना.

ती दुकानात जायची बंद झाली. केस विंचरायची बंद झाली. आधी जेवायला खाली यायची, मग ताट वर न्यायला लागले, मग ताट तसंच परत यायला लागलं. मावशी एकदा माझ्याकडे आली, आई आंघोळीला गेलेली बघून. म्हणाली, तुला तिथे बरं वाटलं ना गं, मग सुमाला पण नेशील का?

मला काय झालं सांगू? मला दिसलं — ती चटईवर बसेल, तिची पाळी येईल, ती फोनचं सांगेल, आणि सगळ्या बायका आधी तिच्याकडे बघतील, मग माझ्याकडे. रेणुकम्मा माझा हात सोडतील. बस, एवढंच दिसलं. सुमाक्का दिसलीच नाही.

मी म्हणाले, मावशी, नको. तिथे आपल्यातल्याच दोघी येतात. सुमाक्का किशोरचं बोलून गेली तर हळदीकुंकवापर्यंत सगळ्यांना कळेल.

आपल्यातलं तिथे कुणीही येत नव्हतं. एकही नाही. पण मला नेमकं माहीत होतं मावशी कशाला घाबरते. तिचा चेहरा कसा उतरला! ‘हो गं, ते लक्षातच नाही आलं माझ्या,’ म्हणाली आणि वर गेली. परत तिने तो विषय काढला नाही.

अजून खरं वाईट राहिलंय. लिहिते.

एका शनिवारी मी चप्पल घालत होते आणि सुमाक्का जिन्यावरून खाली आली. वेणी घातलेली, इस्त्रीचा कुर्ता, खांद्याला पर्स. कित्येक महिन्यांनी पर्स!

“कुठं, क्लिनिकला? मी पण येऊ?”

“तू?”

“आई नको म्हणते. पण तू घेऊन गेलीस तर काही बोलणार नाही. मला एकदाच बोलायचंय गं कुणाशी तरी. बाहेरच्या माणसाशी.”

“अक्का, आज नाहीये. मॅडम रजेवर आहेत.”

“मग तू नटूनथटून कुठं निघालीस?”

“गोळ्या आणायला.”

ती हसली, म्हणजे हसल्यासारखं केलं. “गोळ्या आणायला लिपस्टिक लागते होय गं? सरी, ठीक आहे. मग पुढच्या शनिवारी?”

“हो, बघू की.”

ती पर्स सांभाळत जिना चढून वर गेली. मी क्लिनिकला गेले. चटईवर बसले, माझी पाळी आली, आणि मी भावासाठी रडले. हमसून हमसून! पुढच्या शनिवारी मी लवकर निघाले, तिची अंघोळ व्हायच्या आत. त्याच्या पुढच्या शनिवारी ती जिन्यावर दिसली नाही, आणि — सांगतेच — मला हायसं वाटलं.

नंतर मावशी तिला घेऊन शहराबाहेर देवनहळ्ळीला राहायला गेली, मामाकडे. तिकडे नवीन लेआउट पडलेत, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वसाहती, मोकळी हवा आहे, बदल होईल म्हणाले. काय बदल? ती तिकडे खिडकीत बसून असायची. मी एकदाच गेले. तिने मला ओळखलं, बाजूला जागा करून दिली, पण एक शब्द बोलली नाही. मी बिस्किटाचा पुडा ठेवून परतीची बस धरली.

आज मावशीचा फोन. सुमाक्काला हॉस्पिटलमध्ये ठेवलंय. अन्नपाणी सोडलं तिने, सलाईनवर आहे. मानसिक आजारांच्या डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस का थांबलात? मग विचारलं, हिच्या मनात काही अडकलंय का, कुणाशी बोलायची ही? मावशी मला म्हणाली, तुझ्याशीच बोलायची ना गं, किशोरबद्दल कधी काही म्हणाली होती का?

आणि मी म्हणाले, “नाही मावशी. मला काही नाही बोलली.”

आज! मघाशी! इथे, या खुर्चीवर!

मावशी म्हणाली, “बघ ना, आम्हाला तरी कुठून कळणार. तू तेव्हा सांगितलंस म्हणून चारचौघांत जायचं वाचलं तेवढं. थँक्स गं राजा.”

तुम्ही म्हणाल, सुमाक्कानेच सांगितलं होतं ना, कुणाला सांगू नको म्हणून? नका म्हणू. तो शब्द मी चटईभर बायकांसमोर मोडला, आणि दर शनिवारी मोडला. पाळला फक्त आज, जेव्हा मोडायला हवा होता. मी सांगितलं असतं तर काय झालं असतं? क्लिनिकचं कुणाला कळलंही नसतं. डॉक्टरांनी फक्त तिला फोनबद्दल विचारलं असतं. ती कदाचित बोलली असती. आणि तिला एवढंच कळलं असतं की मी सांगितलं. एवढ्याला घाबरले मी.

लंच संपला. टीम लीडर दोनदा डोकावून गेला. मावशीचा नंबर समोर आहे आणि मी लावलेला नाही. लावणार आहे असंही लिहीत नाही, माझ्या ‘बघू’चं काय होतं ते तुम्ही वाचलंच. आणि खरं सांगू? इथपर्यंत लिहून मला हलकं वाटतंय. तिकडे ती सलाईनवर आहे, आणि मी परत तिचंच अनोळखी लोकांना सांगितलं आणि परत मलाच बरं वाटलं.

तुमच्याकडून असं झालंय का कधी — दुसऱ्याचं दुःख आपलं म्हणून सांगून तुम्ही बरे झालात, आणि ते ज्याचं होतं त्याला दारातूनच परत पाठवलंत?