रितेशचा खांदा

चिक्कडपल्लीची निशिगंधा फिजिओथेरपिस्ट झाली, तेव्हा घरात सल्ल्यांना ऊत आला. कुणी म्हणे परदेशी जा, कुणी म्हणे शेवटी मालिशच की. वडील श्रीनिवासराव वकील, ते म्हणाले, "पहिल्या नोकरीत वरच्याशी वाद घालू नकोस."

मलकपेठेत डॉ. हेमंत यांच्या क्लिनिकमध्ये ती लागली. तिथे रितेश आला. शर्यतीत घोडे पळवणारा जॉकी, सरावात पडून खांदा निखळलेला. ती त्याच्याकडून नेटानं व्यायाम करून घेई. हात वर जाऊ लागला, पण रबरी पट्टा जोरात ओढला की खांदा अजून थरथरायचा.

एके दिवशी डॉक्टरांनी तिला बोलावलं. "रविवारी शर्यत आहे. घोड्याचे मालक आपले जुने पेशंट. रितेशला सांग, फिट आहेस."

"सर, लगाम खेचताना खांदा पुन्हा सुटेल."

"ते मी बघतो. तू व्यायाम शिकव."

तिनं रितेशला खरं तेच सांगितलं. तो मान खाली घालून म्हणाला, "हौ मॅडम, मालूम है. पर मैं नक्को बोला तो घोडा दुसरे को देते. डॉक्टरसाब तो बोले, कुछ नहीं होता."

रविवारी वळणावर घोडा आवरताना त्याचा खांदा निखळला आणि तो खाली आला. जीव वाचला, पण ऑपरेशन करावं लागलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडंच होतं. ते मालकांना सांगत होते, "नवी पोरगी आहे. व्यायाम चुकीचा दिला तिनं."

निशिगंधा सरळ आत गेली. "मी नको म्हटलं होतं. माझ्यासमोर सांगा, म्हटलं होतं की नाही?"

डॉक्टर समोरचे कागद आवरू लागले. मालक मोबाइल चाळत म्हणाले, "जाऊ दे बेटी, झालं ते झालं."

हे 'झालं ते झालं' तिला फार झोंबलं. जे झालं ते रितेशला झालं होतं. या दोघांचं काय गेलं? तिनं त्याच दिवशी नोकरी सोडली. रितेशच्या घरी जाऊन ऑपरेशननंतरचे व्यायाम तिनंच करून घेतले. त्याला जेवता, कपडे घालता येऊ लागलं. शर्यत मात्र सुटली ती सुटलीच.

आता नारायणगुड्यात तिची स्वतःची उपचारांची खोली आहे. नुकतीच फिजिओथेरपी पास झालेली शेजारची रेणू परवा आनंदानं सांगायला आली, डॉ. हेमंतांकडे नोकरी मिळाली म्हणून. निशिगंधानं तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, नावानिशी.

"मग जाऊ नको?" रेणूनं विचारलं.

"आधी त्यांना विचार, पेशंट बरा झाला हे तिथे कोण ठरवतं. तुला शिकवलंय, तर त्यात तुझं मतही चालायला हवं. ते चालणार नाही म्हणाले, तर तिथे पाय ठेवू नकोस."