फिनेल मारलेला खड्डा

ऐंशी फ्लॅटचा ओला कचरा एकटी बाई जिरवते, हे आमच्या हडपसरच्या सोसायटीत कुणाच्या गावी नव्हतं. लोकांना वाटायचं, बादली दाराबाहेर ठेवली की कचरा आपोआप सुसंस्कृत होतो.

ती बाई म्हणजे मुक्ताबाई. आज खतखड्डा आहे तिथे त्यांच्या सासऱ्यांचा ऊस होता. जमीन विकली गेली, दिरांनी गाड्या घेतल्या, आणि विधवा मुक्ताबाई त्याच मातीत नोकरीला लागल्या. कचऱ्यावर कापसासारखी पांढरी बुरशी धरली की त्या खूश. म्हणायच्या, "मेलेलं तेवढंच खाती ही. जित्याला हात लावत न्हाई. कमिटीला सांगा जरा."

नवे सेक्रेटरी अभिनव, आयटीतले. महापालिकेची पाहणी पंधरा दिवसांवर आली तेव्हा ते प्रथमच खड्ड्यापाशी अवतरले, नाकाला रुमाल लावून.

"मावशी, हे काय? फंगस? हायजीन नावाचा काही प्रकार असतो!"

"साहेब, ती हाय म्हणून तर खत व्हतं."

"मला शिकवू नका."

दुसऱ्या दिवशी मुक्ताबाई भाचीच्या लग्नाला गेल्या. साहेबांनी फिनेलचे दोन कॅन खड्ड्यात ओतवले आणि फोटो ग्रुपवर टाकला. खाली छत्तीस अंगठे. बुरशी मेली. चौथ्या दिवशी कचरा असा सडला की पाचव्या मजल्यानेही खिडक्या लावून घेतल्या. कमिटीने ठरवलं: मावशींना जमत नाही, पाहणीत नापास झालो तर खड्डा बंद, मावशीही बंद. मी मीटिंगमध्ये टेबलावर मूठ आपटली. "हा विषय आजच्या पत्रिकेवर नाही," असं ऐकून बाहेर आलो.

दाराशी लग्नाहून परतलेल्या मुक्ताबाई. "वरडून बुरशी येती व्हय?"

त्या तडक शेजारच्या सोसायटीत गेल्या, मी मागोमाग. तिथला खड्डा गोदाबाईंचा. शेजारणीला विरजण द्यावं तशी पाटीभर बुरशीचं खत देऊन तो मुक्ताबाईंनीच लावून दिला होता. आता त्या तेच परत मागत होत्या.

"दिवं लागलं की गं," गोदाबाई म्हणाल्या. "आता विरजण देत नसत्यात."

"अगं, दही हाय का ते?"

"लावत्यात विरजणावानीच ना? मग नेम बी तोच. सकाळी ये, दोन पाट्या देते."

सकाळी मुक्ताबाईंनी फिनेलचा थर उपसून टाकला, उरलेल्यात वाळका पाला मिसळला, वर गोदाबाईंच्या दोन पाट्या, त्यावर ओली पोती. मग रोज फक्त हात लावून ऊब बघायची.

पाहणीला नम्रता मॅडम आल्या. त्यांनी पोतं उचललं. खाली पांढरीशुभ्र साय.

"वा! बुरशी काय सुंदर धरलीये! कुणी सांभाळली?"

अभिनव पुढे सरसावले. "आमची कमिटी फंगसबद्दल पहिल्यापासून जागरूक आहे."

"छान. किती दिवसांनी उलथता?"

साहेबांनी मुक्ताबाईंकडे पाहिलं. मुक्ताबाईंनी आभाळाकडे.

"सांगा ना, मावशी."

"तुमाला शिकवायची मनाई हाय मला."

"शिकवा," साहेब पुटपुटले.

"आठ दिसानं," मुक्ताबाई मॅडमना म्हणाल्या.

खड्डा पास झाला, मुक्ताबाई कामावर राहिल्या. फिनेलचे रिकामे कॅन त्यांनी धुऊन भोकं पाडून ठेवलेत. त्यातूनच बुरशीला पाणी शिंपतात. साहेब फिरायला निघाले, की मुद्दाम.