कॉफीच्या दुकानातली दंडार

त्या दिवशी गारठा असा होता, की सकाळी अंगणातल्या बादलीत हात घालायची हिंमत होत नव्हती. धान कापून झालं होतं, शेतातल्या बांध्या उघड्या पडल्या होत्या, आणि त्यांच्यावरून येणारा वारा आमच्या फुलचूरच्या घरात न विचारता शिरत होता. दुपारी ऊन आलं, पण नुसतं तोंड दाखवायला. आता काय सांगू तुम्हाला, अशा दिवशी मी चुलीसमोर बोटं शेकत बसलो होतो, कारण संध्याकाळी मला गोंदियात एका कॉफीच्या दुकानात गिटार वाजवायची होती. एकट्यानं. तिथं मी जो घोळ घातला, तो आमच्या गल्लीत अजून चहासोबत निघतो. म्हटलं, दुसऱ्याकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका.

गिटार माझ्याकडं आली कुठून, ते आधी सांगतो. शाळा मी पाहिली ती बाहेरून. लहानपणीच रेल्वेच्या शेडात कामाला लागलो. तिथं एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हरसाहेब होते. संध्याकाळी व्हरांड्यात बसून जॅझ वाजवायचे. मी त्यांच्या बागेला पाणी घालायचो आणि ऐकायचो. बागेत पार चिखल होऊ लागला, तेव्हा त्यांनी मला वर बोलावलं आणि गिटार हातात दिली.

जॅझ म्हणजे काय, हे विचारू नका. मला समजलं ते एवढंच: एक मुखडा असतो. तो एकदा नीट सांगायचा, मग त्याला सोडून रानात हिंडायला निघायचं, आणि हिंडून झालं की मुखड्यावर परत यायचं. परतीची वाट मला चांगली ठाऊक होती. परत कधी यायचं, तेवढं साहेबांनी शिकवलं नाही.

तर रौनक नावाच्या पोरानं गोंदियात कॉफीचं दुकान टाकलं. तेव्हा ते नवीनच होतं, लोक काचेतून आत पाहायचे आणि पुढं जायचे. त्यानं कुठंतरी माझ्याबद्दल ऐकलं आणि मला बोलावलं. घरी बायकोला सांगितलं, तर आमची म्हातारी भाकर थापताथापता म्हणाली, "जलमभर मले ऐकवलं ते कमी झालं काय? आता लोकायले कायले छळून राहिले?"

"ते आपल्या पायानं येतात वो."

"येतील ना. जातील कसे, ते पाहा."

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या बिसेनभाऊंनी हाक मारली. चेहरा काळजीचा.

"भाऊ, आज तुमी त्या कॉफीच्या दुकानात जाऊन राहिले ना? आमची पोरगी सरिता बी तेथीच येऊन राहिली. नागपूरचा पोरगा आहे. दोन्ही घरची पसंती झाली, पण पोरगी अडून बसली. म्हणते, पोराचा सोभाव समजल्याशिवाय मी हो म्हणत नाही. म्हणून दोघायले भेटवून राहिलो. पोरगा संध्याकाळच्या गाडीनं वापस जाते. तेवढ्यात त्यायचं बोलणं झालं पाहिजे. याच्याआधी तीन पोरं तिनं वापस धाडले भाऊ, आता हे हातचं जाऊ नये."

"मग मी काय करू?"

"काहीच करू नका. जरासं लक्ष ठेवजा."

काहीच करू नका, असं ते साफ म्हणाले होते. मीच ऐकलं नाही.

दुकानात पोचलो, तर रौनकनं मला उंच स्टुलावर बसवलं आणि म्हणाला, "अंकल, जब तक लोग बैठे हैं, माहौल बना के रखना."

मी म्हटलं, हे तर आपलंच शास्त्र. आमच्या गावात दंडार व्हायची, गाण्यानाचण्याचा खेळ. तिथला कायदा एकच. समोर माणूस बसलेला आहे तोवर पेटी बंद करायची नाही. लोकांनी घोंगडी झटकली, की समजायचं, खेळ संपला. त्याआधी थांबणं म्हणजे बसलेल्या माणसाचा अपमान.

सरिता आणि तो पोरगा अगदी समोरच्या टेबलावर. पोरीनं हात जोडले, "काकाजी." पोरगाही उठून वाकला. मला बरं वाटलं. मुखडा धरला आणि निघालो रानात.

थोड्या वेळानं पाहतो, तर दोघं गप्प. पोरानं बोलायला तोंड उघडलं, तर सरितानं ओठावर बोट ठेवून माझ्याकडं दाखवलं. मी मनात म्हटलं, लाजतात. नवीन माणसं आहेत, अजून रंग चढला नाही. जरा गोड वाजवलं तर बोलतील. गोड वाजवलं. दोघं आणखी गप्प. म्हटलं, एवढ्या गोडानं काम भागत नाही, आणखी लागेल. बिसेनभाऊंच्या पोरीचा प्रश्न, हात आखडून कसं चालेल?

मग पोरगा मनगटावरच्या घड्याळाकडं पाहून पाय आपटू लागला. मी खूश. काय तालाचा पोरगा आहे, मात्रा घड्याळात तपासून पाहतो. मी लय वाढवली. त्याचा पाय आणखी जोरात. सरितानं ओढणी तोंडात धरली. म्हटलं, जमलं.

कोपऱ्यात एक मफलरवाले गृहस्थ होते. ते एकदा अर्धे उठले. मी त्यांना मान हलवून नमस्कार केला आणि पुन्हा रानात शिरलो. ते बिचारे खाली बसले. दुसरी अडचण अशी, की टाळ्या कोणी वाजवेना. आता कळतं, कोणतं गाणं कुठं संपलं हेच कोणाला समजत नव्हतं. तेव्हा मला वाटलं, लोकांचं मन भरलं नाही. मग भरेपर्यंत वाजवायला नको?

रौनक कॉफी घेऊन आला. कानाशी म्हणाला, "अंकल, थक गए होंगे."

"नहीं बेटा, अब तो उंगली गरम हुई."

"थोड़ा आराम कर लेते…"

"तुम फिकर मत करो."

पोरगं डोक्याला हात लावून परत गेलं. बाहेर दाराशी चारपाच माणसं थंडीत कुडकुडत उभी. टेबल रिकामं होण्याची वाट पाहत होती. मला वाटलं, गर्दी वाढली.

शेवटी तो नागपूरचा पोरगा उठला. माझ्यासमोर येऊन हात जोडून म्हणाला, "काकाजी, एक विनंती होती."

पहिली फर्माईश. माझी छाती फुगली. "बोला पाहुणे, काय वाजवू?"

"काही नको. म्हणजे, पाच मिनिटं काही नको. आम्हाला थोडं बोलायचं होतं."

"मग बोलायचं होतं ना. मी काय तोंड धरलं तुमचं?"

सरिता उठली. "काकाजी, मोठा माणूस वाजवून राहिला, तर मंधात कसं बोलाव? तुमी थांबाल म्हणून आमी बसून राहिलो."

"अन् तुमी बसून राहिले म्हणून मी वाजवून राहिलो."

मफलरवाले म्हणाले, "मी यायच्याकडं पाहून बसलो होतो. म्हटलं, जवान पोरं उठत नाहीत, तर आपण काऊन उठाव?"

मला घाम फुटला. त्या थंडीत. "पाहुणे, तुमची गाडी?"

"गेली," तो म्हणाला. हसून म्हणाला, हे विशेष.

मी गिटार खोळीत घातली. चेन ओढली, आणि सगळ्या दुकानानं टाळ्या वाजवल्या. त्या संध्याकाळच्या पहिल्या आणि शेवटच्या. ती दोघं पायीच स्टेशनकडं निघाली, पुढच्या गाडीची वाट पाहायला. त्यांच्यामागं सगळं दुकान रिकामं झालं, जशी शाळा सुटावी.

घरी आलो ते तोंड लपवत. म्हातारीला सगळं सांगितलं. तिनं ताट वाढलं. दोन घास खाऊन उठलो. चांगल्या शेजाऱ्याच्या पोरीचं जमलेलं मोडलं, तेही असं वाजवून वाजवून.

हात धुऊन अंगणात आलो, तर बिसेनभाऊ फाटकातून आत येत होते. मी आधीच हात जोडले. "भाऊ, चुकलं माझं. पोरगा रागावला असन."

ते मला धरून शेकोटीजवळ घेऊन गेले, खाली बसवलं, आणि म्हणाले, "पोरगी हो म्हणाली भाऊ. स्टेशनावरून आली अन् सांगते कशी, 'बाबा, जो माणूस आपली गाडी सोडून, कपाळावर आठी न पाडता, काकाजीचं वाजवणं आखरीपर्यंत सहन करते, त्याच्यासंगं माहा जलम आरामात निघन.'"